आग्रहाचा घास

चातुर्मासात दुपारचं जेवण मुक्यानं करायचं, आणि चुकून शब्द निघालाच तर भरल्या ताटावरून उठायचं, मग अन्न थेट दुसऱ्या दिवशी, हा शरयूकाकूंचा लग्नापासूनचा नेम. साताऱ्याच्या भरल्या घरात तो पाळताना नाकी नऊ यायचे. जाऊबाई मुद्दाम हसवायच्या. अमेरिकेत स्टेट कॉलेज या गावी मुलाकडे आल्यावर मात्र त्यात कठीण असं काही उरलंच नाही. बोलणार कोणाशी? श्रीरंग सकाळच्या बसनं लॅबमध्ये जायचा तो दिवेलागणीला उगवायचा. "आई, बोअर झालं तर टीव्ही लाव ना," एवढं म्हणायचा. वडील गेल्यावर त्यानं आईला तिकीटच पाठवलं होतं. येतेस का, हे विचारायचं राहूनच गेलं.

समोरच्या दारात मिसेस ग्रँट राहायच्या. काळ्या, उंच, ऐंशीला टेकलेल्या. त्यांची मुलगी डोरीन युनिव्हर्सिटीत शिकवायची. तिनं आईला दूर दक्षिणेतल्या चार्ल्स्टनच्या समुद्राकाठच्या घरातून इथे आणून ठेवलं होतं. एके दिवशी डोरीन काकूंच्या दारात रडकुंडीला येऊन उभी.

"आई जेवत नाही. सोमवारपर्यंत नाही खाल्लं तर हॉस्पिटलात नाकातून नळी घालणार म्हणतात. दुपारी बसाल तिच्याजवळ?"

काकूंना इंग्रजी बेताचंच. पण जेवू घालायला इंग्रजी कशाला लागतंय? त्यांनी मऊ भात नेला, वर वरण, तुपाची धार. छान कालवला आणि घरी करतात तसा हातानं घास पुढे केला. "एकच. माझ्यासाठी." मिसेस ग्रँटनी मान फिरवली. काकू हटल्या नाहीत. न हटणं हीच माया, असं त्यांना जन्मभर वाटत आलेलं. त्यांनी हनुवटी धरली आणि घास ओठांशी दाबला.

म्हातारीनं दात आवळले आणि वाडगा भिरकावून दिला.

काकू शितं गोळा करत बसल्या. डोळे भरून आले होते. मग वरून शांत आवाज आला, हळूहळू, त्यांना कळावं असा.

"रडू नकोस. ऐक. माझ्या पणजीची पणजी आफ्रिकेतून जहाजानं आली. आली कसली, गुलाम म्हणून विकायला आणली. पुरुष खाली साखळदंडात, बायका वर डेकवर मोकळ्या. सगळ्यांनी खाणं टाकलं. मेलेलं माणूस विकलं जात नाही ना! मग खलाशांनी लोखंडी चिमटा काढला. दातांत घालून पिळायचा, जबडा फाकला की शिजवलेलं कडधान्य ओतायचं. तिचे पुढचे दात गेले, तरी ती थुंकत राहिली. सगळे खलाशी तिच्याभोवती जमले, तेवढ्यात दुसरीनं सुताराचा हातोडा कपड्याखाली लपवून खाली पोचवला. साखळ्या तुटल्या. पुरुष वर धावले."

"मग?"

"मग काय! बंदुका त्यांच्याकडे. पुष्कळ जण मेले, कितीतरी समुद्रात उडी टाकून गेले. ती उरली, म्हणून मी आहे. आमच्या घरात बाळालासुद्धा भरवत नाहीत. चमचा हातात देतात, सांडलं तर सांडू दे." त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "इथे येतेस का, मला कुणी विचारलं नाही. माझं म्हणावं असं हे तोंड तेवढं उरलंय."

काकूंना सगळे शब्द कळले नव्हते. हे शेवटचं कळलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या आपलं ताट तिकडेच नेऊ लागल्या. दुसरं ताट चमच्यासकट मिसेस ग्रँटच्या पुढ्यात ठेवायचं आणि मुकाट्यानं जेवायचं. ते ताट तसंच परत यायचं. पण एकटीचं मौन आणि दोघींचं मौन यात फरक असतो, हे काकूंना इतक्या वर्षांत पहिल्यांदा उमगलं.

रविवारी एकादशी झाली. सोमवारी काकूंनी पहिला घास तोंडात घातला आणि डोरीन घरात शिरली. आईचं भरलेलं ताट बघून तिचा धीरच सुटला. तिनं चमचा उचलला, आईच्या गालांत बोटं रुतवली. "ममा, प्लीज, उघड! नाहीतर ते नळी घालतील गं!"

म्हातारीचे दात आवळलेले. डोळे काकूंवर.

काकूंच्या पोटात कालपासून अन्न नव्हतं. त्यांनी तोंडातला घास गिळला.

"नको! तोंड तिचं आहे. चमचा तिला दे. आणि विचार. घरी जायचंय का, विचार तिला."

डोरीनचा हात खाली आला. ती पुटपुटली, "ममा... तुला परत जायचंय?"

"विचारायला अख्खा उन्हाळा लागला तुला," मिसेस ग्रँट म्हणाल्या. "हो. जायचंय."

काकूंनी ताटाला नमस्कार केला आणि उठून हात धुतले.

"अगं, तुझं जेवण?"

"बोलले ना मी. आता उद्या."

"म्हणजे आता तुझा संप!" म्हातारी दात दाखवून हसली. मग तिनं आपणहून चमचा उचलला. निम्मा भात मांडीवर सांडला. कुणीही पुढे झालं नाही.

दसऱ्याच्या सुमारास मिसेस ग्रँट आपल्या घरी परतल्या आणि समोरचं दार बंद झालं. काकू पुन्हा एकट्याच जेवू लागल्या, त्या दाराकडे तोंड करून.

एका संध्याकाळी श्रीरंग बूट काढता काढता म्हणाला, "आई, काही हवंय का तुला?"

"हवंय. तुझं मला एक विचारायचं राहिलंय."

"काय गं?"

काकूंनी टीव्ही बंद केला आणि त्याच्यासमोर येऊन बसल्या.