निरीक्षकांची फटाकडी

पाणथळीच्या काठावर लाकडी खोपट होतं आणि त्याच्या भिंतीला डोळ्यांपुरती फट. त्या फटीला डोळे लावून निरीक्षक बसायचे. काम एकच, फटाकडी दिसली की साहेबांना कळवायचं. फटाकडी म्हणजे मुठीएवढा तपकिरी पक्षी, स्वतःच्या सावलीलाही बुजणारा. निरीक्षकांचे केस तिथंच पिकले, पण फटाकडी बाईसाहेबांनी काही दर्शन दिलं नाही. मरण्याआधी एकदा तरी तिला डोळे भरून बघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मग वरून फर्मान सुटलं. आज संध्याकाळपर्यंत फटाकडी दिसली तर ठीक, नाहीतर खोपट बंद आणि निरीक्षकांची रवानगी पथदिवे विभागात.

दुपारी बायको डबा घेऊन आली ती दारातच थबकली.

"अहो, तुमची कोंबडी वाटेत बसलीय."

"कुठली कोंबडी?"

"ही काय, स्टुलामागं. रोज तर असते. बारकी, तपकिरी. तुम्ही सांडलेलं टिपते. मला वाटलं, पाळलीय तुम्ही."

 निरीक्षक गर्रकन वळले. काहीच नाही.

"आता परत मागं गेली," बायको म्हणाली.

ते भिंगरीसारखे फिरले, ओणवे झाले, पायांमधून उलटं पाहिलं. फटाकडीही तितक्याच तत्परतेनं फिरली. माणसाच्या पाठीमागं कुणी बघत नाही, हे तिनं केव्हाच हेरलं होतं. मग बोरूच्या बेटातल्या चिखलात ती कशाला मरायला जातेय!

संध्याकाळी साहेब आले. तेही गरगर फिरून घामाघूम झाले. बायको दारातून सांगत होती, "साहेब, तुमच्या बुटाशी. आता कोट टोचतेय बघा."

साहेब नियमाला पक्के. फटाकडी दिसली हे मान्य, खोपट चालू राहील. पण जिला दिसते तिचीच नेमणूक. निरीक्षकांनी दिवे बघावेत, ते तरी दिसतात.

घरी निरीक्षकांना रडू कोसळलं. नोकरीचं त्यांना एवढं नव्हतं, पक्ष्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी बायकोचा डबा घेऊन ते जड पावलांनी खोपटाशी आले आणि दारातच खिळले. बायको फटीला डोळे लावून बसली होती. तिच्या मागं मुठीएवढी फटाकडी, हिरवट पाय फाकवून, शेपूट उडवत, खुशाल उभी होती.

"आलात का?" बायको म्हणाली. "काही म्हणजे काही दिसत नाही हो इथून. इतकी वर्षं बसलात तरी कसे? पाठ धरली माझी, जरा वळते."

"वळू नकोस गं," निरीक्षक म्हणाले. "तुझ्या पाया पडतो, वळू नकोस."