न पाहता केलेला प्रयोग

जयश्रीने लॅपटॉप पाणीपुरवठा खात्याच्या काशीनाथसाहेबांकडे वळवला आणि फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली. राखाडी पाण्यात एक काळा ठिपका उठला. ठिपक्याला काटा फुटला, काट्याला काटे. विसाव्या सेकंदाला पडदाभर निवडुंग.

"हे शिसं आहे, सर. वेवजीकडच्या आमच्या पाड्यावरच्या विहिरीतलं. केसाहून पातळ पडद्यांमध्ये थेंब कोंडायचा आणि त्यातून इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा. विरघळलेलं डोळ्यांसमोर बाहेर येतं."

असा झोत सोडणाऱ्या मायक्रोस्कोपसाठी तिने मुंबईत आठ महिने नंबर लावला होता. साहेबांसमोर 'पाणी पिण्यास योग्य' असा दाखला पडला होता. त्यावर सही झाली की सोमवारपासून पाड्याचा टँकर बंद, पुन्हा तीच विहीर.

"तुमच्याच रिपोर्टात, पान नऊ," साहेब वाचू लागले. "'झोतामुळे द्रवात रासायनिक क्रिया घडते.' म्हणजे तुम्ही बघितलंत म्हणून काटे आले, मॅडम. बघितलं नसतंत तर पाणी ठीकच होतं."

"झोताने शिसं दिसतं. झोत शिसं आणत नाही. डहाणूच्या नळाचं पाणी त्याच झोताखाली ठेवलं, काही उगवलं नाही. पान दहा."

"पान नऊवर तुम्ही कबूल केलंय."

जयश्रीचे कान तापले. पान नऊ लिहायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने टेबल इतकं घट्ट धरलं की लॅपटॉपवरचा निवडुंग थरथरला.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

दाराशी पाड्यावरची तीसेक माणसं उभी होती. त्यातून बायजीकाकी पुढे आली. त्याच विहिरीवर वाढलेला तिचा नातू चौथीत जाऊनही अजून धड बोलत नव्हता. विहिरीच्या पाण्याची बाटली तिने दाखल्यावरच ठेवली.

"सायब, बघितल्यावर बिघडतं ना?"

"तसंच काहीसं, आजी."

"मंग आमी नाय बघत. तुमी प्या."

तिने टेबलाकडे पाठ केली. मग लडक्याने, झिपरूने, साऱ्या पाड्याने. शिपायाने थोडा विचार केला आणि तोही वळला. जयश्रीने लॅपटॉप मिटून भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर स्वच्छ पाण्याचं पोस्टर होतं. त्यातला नळ हसत होता.



"झालं का, सायब?" झिपरूने विचारलं.

"घाई नको करू," बायजीकाकी म्हणाली. "सायब लाजतो."

खुर्ची सरकली. मागच्या दाराची कडी वाजली. तरी कुणी वळलं नाही, शब्द दिला होता. अर्ध्या तासाने शिपाई भिंतीलाच म्हणाला, "साहेबांची गाडी गेली वाटतं."

मग सगळे वळले. बाटली काठोकाठ भरलेली होती. दाखल्यावर सही नव्हती. पेन उघडंच पडलं होतं.

जयश्रीने ते उचललं आणि रिपोर्टाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलं: पान अकरा. न पाहता केलेला प्रयोग. पाणी जसंच्या तसं. साहेब विरघळले.