घरभेट

अर्शियाने काजूची ताटली उचलून आत नेली आणि बिलकिसने ती लगेच पुन्हा बाहेर आणून ठेवली.

"अम्मी, त्या आपली परिस्थिती बघायला येताहेत."

"मग? घरी आलेल्या बाईपुढे नुसतं पाणी ठेवू?"

तेवढ्यात कॉलेजच्या ललिता मॅडम जिना चढून दारात आल्या. अर्शियाच्या धाकट्या बहिणीच्या, अलिझाच्या, फीच्या सवलतीसाठी आईला भेटणं सक्तीचं होतं, आणि नवरा मुनव्वर गेल्यापासून बिलकिस इद्दतीत, विधवेने पाळायच्या मुदतीत, होती. ती पुरी होईपर्यंत घराबाहेर पडणार नव्हती. "मग मीच येते, काय करणार," असं म्हणून मॅडमनी पत्ता लिहून घेतला होता. सवलत मिळाली नाही तर यंदा घरी बसायचं, हे अलिझाने परस्पर ठरवून टाकलं होतं.

अर्शियाने पाणी दिलं. पेला रिकामा करता करता मॅडमची नजर नव्या चादरीवरून, कपबशांवरून फिरली आणि काजूंवर थांबली.

"घरात मिळकत किती?"

"अल्लाहच्या मेहेरबानीने काही कमी नाही," बिलकिस म्हणाली.

अर्शियाने तिची ओढणी हलकेच ओढली. मग स्वतःच म्हणाली, "अब्बा बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करायचे. बुधवार पेठेतलं दुकान भाड्याचं होतं, ते सोडलं. आता माझ्या पगारावर चालतं. फी त्यात बसत नाही."

"अर्शिया!" बिलकिस मॅडमकडे वळली. "तुम्हाला शिकवायचंय ना? मग आमच्या डब्यात पीठ किती, ते कशाला हवं?"

"मलाही विचारायला आवडत नाही, बिलकिसबाई. पण सवलती मोजक्या आणि मागणारे ढीगभर. न विचारता वाटल्या, तर ज्याला रडता येतं त्यालाच मिळतात." मॅडमनी ताटली हातात घेतली. "तुम्हाला तर तेही येत नाही."

काजू उचलताना त्या थांबल्या. स्टीलच्या कडेवर नाव कोरलेलं होतं: सौ. इंदुबाई. खालच्या मजल्यावरच्या. काजूही त्यांचेच. अर्शियाला ते नाव आत्ताच दिसलं; तिने मान खाली घातली.

मॅडमनी काजू सावकाश खाल्ले, कागदावर दोन ओळी लिहिल्या, बिलकिसची सही घेतली.

"ताटली परत देताना सांगा, काजू छान होते," चपला घालताना त्या म्हणाल्या. "आणि अलिझाला म्हणावं, पुस्तकं बघून ठेव."

त्या गेल्यावर बिलकिसने दार लावलं.

"सगळं दुसऱ्यांचं खाऊन गेल्या," ती म्हणाली. "आपल्या घरचं काहीच दिलं नाही."

अर्शिया पेला विसळत होती. त्याच्यावरही नाव होतं, वापरून पुसट झालेलं. मालक गेल्यापासून तो फळीवर पालथाच होता. आज गडबडीत तिच्या हाताला तोच लागला होता.

"पाणी दिलं ना," ती म्हणाली. "अब्बांच्या पेल्यातून."

बिलकिसने वळून पाहिलं. मग हात पुढे केला.

"मलाही दे. त्यातूनच."