दगडावरचा हात

काकांचा अर्ज टेबलावर आला तेव्हा सुतळी हसली नाही. हसू पोटात ठेवायची सवय तिला लहानपणीच लागली होती. सुतळी हे नाव काकांनीच ठेवलेलं, ती काडीसारखी होती म्हणून. आता तीच जमीन मोजणीच्या कचेरीत बसून त्यांचा अर्ज वाचत होती. काकांना जागा विकायची होती. रस्त्याला लागून त्यांनी बांधलेल्या दुकानावर एका कापडवाल्याचा जीव जडला होता, पण गडी पक्का होता. वाटणीपत्रात आहे तेवढी जागा मोजून दाखवा, मग बोलू, असं त्याने सांगून टाकलं होतं.

सुतळी उठून साहेबांकडे गेली.

"साहेब, हे माझे सख्खे काका. आमचं वाकडं आहे."

"किती वाकडं?"

"असू शकतं तेवढं."

साहेबांनी कपाळ चोळलं. "मग टेप तुझ्या मोजणीतल्या जोडीदाराच्या हातात. तू नुसते कागद वाचायचे. टेपला हात लावलास तर बघ."

तिला तेवढंच पुरेसं होतं.

वाकडं कसलं, तेही सांगायला हवं. आजोबांनी दोन मुलांना जागा वाटून दिली आणि मधे हद्दीचा दगड पुरला. दगडापासून पश्चिमेला, रस्त्याच्या दिशेने, नव्वद फूट धाकट्याचे, म्हणजे काकांचे. पूर्वेचं सगळं थोरल्याचं, म्हणजे सुतळीच्या वडिलांचं. वडील अकाली गेले. आई लेकीला घेऊन थोडे दिवस माहेरी राहून परत आली, तो दगड पूर्वेला सरकलेला आणि आईची राहती खोली काकांच्या हद्दीत! दाराला काकांचं कुलूप. सख्ख्या भावाच्या बायकोला असं उघड्यावर काढताना या माणसाचा हात जरासुद्धा कापला नाही.

आईने मोजणी मागवली. कचेरीची जुनी रीत अशी की टेप सोडण्याआधी वाटणीपत्र जागेवर मोठ्याने वाचायचं आणि मालकाने प्रत्येक खुणेवर हात ठेवून शपथेवर बोलायचं. काकांनी दगडावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "वडिलांनी पुरल्यापासून हा दगड तसूभर हललेला नाही." पंचांनी माना डोलावल्या. त्यांच्यातला घड्याळं दुरुस्त करणारा समोरच राहायचा. त्याने दगड हलताना पाहिला होता, पण तो मूग गिळून बसला. तेव्हाच्या मोजणीदाराला घरी जायची घाई. त्याने टेप पिशवीतून काढलीसुद्धा नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ सुतळी विसरली असती. पण काकांना माफी हवी होती. सगळ्यांसमोर आईला म्हणायला लावलं, "मी खोटं बोलले." आई पुटपुटली. काका म्हणाले, "मोठ्यानं, वहिनी. मागच्यांना ऐकू येत नाही." आई पुन्हा बोलली. सुतळी तिचं बोट धरून उभी होती. त्या दिवसापासून मायलेकी भाड्याच्या खोलीत, आणि सुतळीने मनात धरलेला डाव एक दिवसही सोडला नाही.

मोजणीच्या दिवशी काका दारातच उभे होते, इस्त्रीच्या कपड्यांत, शेजारी कापडवाला.

"अगं सुतळी! केवढी झालीस! घरचंच माणूस आलं म्हणजे काळजी मिटली."

"हो ना, काका," ती म्हणाली.

तिने वाटणीपत्र वाचलं. मग काकांचा जुना जबाब वाचला, शब्दन् शब्द. "हा जबाब आजही कायम आहे?"

काकांनी न सांगताच दगडावर हात ठेवला. "कायम म्हणजे काय! तसूभर हललेला नाही."

पंच म्हणून पुन्हा घड्याळवालाच होता, आता पार वाकलेला. तो जमिनीकडे बघत राहिला.

जोडीदाराने टेप सोडली. काका मजेत बरोबर चालत होते. खोली गेली, अंगण गेलं, आणि दुकानाच्या मागच्या भिंतीला टेप टेकायच्या आत नव्वद फूट संपले. जोडीदाराने खूण ठोकली आणि डोकं खाजवत वर पाहिलं. अख्खंच्या अख्खं दुकान कागदाबाहेर!

दगडाला दोन बाजू असतात. तो पूर्वेला नेला की पश्चिमेचं टोकही त्याच्या मागोमाग येतं. वहिनीची खोली गिळायच्या नादात हा शहाणा माणूस एवढं विसरला होता.

"म्हणजे दुकान सरकारी रस्त्यावर?" कापडवाल्याने विचारलं. "मग मी निघतो."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी सुतळीला दंडाला धरून बाजूला नेलं. "हे बघ, आपसात मिटवू. तुझ्या आईला खोली बक्षीस देतो. आज लिहून देतो. दगडाचा विषय नको."

जोडीदाराने ऐकलं. तो हळूच म्हणाला, "घेऊन टाक, बाई. जागा मिळाल्याशी मतलब."

सुतळीच्या मनात क्षणभर आलं. आई थकली होती, भाड्याच्या खोलीचे जिने तिला चढवत नव्हते. पण आमचीच खोली आम्हाला बक्षीस? तिचं डोकं भणाणलं.

"बक्षीस नको," ती म्हणाली. "दुकान वाचवायचं असेल तर जबाब बदला. दगड कुठे होता आणि कोणी हलवला, ते सांगा. पंचांसमोर. आणि शेजारच्या मालकासमोर, तसा नियमच आहे."

"शेजारचा मालक कोण?"

"माझी आई."

काकांनी दुकानाकडे पाहिलं, निघायच्या बेतात असलेल्या कापडवाल्याकडे पाहिलं, आणि खाली बसले. "बोलाव," ते म्हणाले.

आई आली. इतक्या वर्षांनी या अंगणात तिने पाऊल टाकलं. सरळ गेली आणि दगडाशेजारी उभी राहिली. जोडीदाराने कोरा कागद काढला. काकांनी दगडावर हात ठेवला, तो आता घामाने ओला होता.

"दगड मी हलवला," ते पुटपुटले. "वहिनी खरं बोलत होत्या."

घड्याळवाल्याने डोळे पुसले. जोडीदार लिहायला लागला.

"मोठ्यानं, भाऊजी," आई म्हणाली. "मागच्यांना ऐकू येत नाही."

मागे नुसती भिंत होती. काकांनी एकदा त्या भिंतीकडे पाहिलं, मग आईकडे. आणि ओरडूनच बोलले, सगळं, पहिल्यापासून. रस्त्यावरची माणसं थांबली.

आईने लेकीकडे वळून विचारलं, "तुला आलं का गं ऐकू?"

"नाही," सुतळी म्हणाली.