एल्डनची धडधड

मित्रांनो, मी एक जुना मनगटी पट्टा आहे. नाडी मोजणं, एवढंच माझं काम. कुठल्याशा कारखान्यात जन्मलो, खोक्यात निजलो आणि सस्कॅचवानच्या गव्हाच्या मुलखात एल्डन हाल्वर्सन या म्हाताऱ्या विधुराच्या हातावर येऊन बसलो. त्याची लेक ग्रेटा हिनं मला धाडलं होतं.

त्याचं काळीज मला पाठ झालं. पहाटे झोपेत नाडी साठीच्याही खाली रेंगाळायची. उठला की चढायची. कॉफीनं थोडी, जिन्यानं बरीच. खुर्चीत टेकला की निमूट उतरायची. धडधाकट काळीज दिवसभर असंच चढत-उतरत असतं.

हिवाळ्यात मंडळी क्लबात कर्लिंग खेळत, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत. खेळ संपला की जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पाजायचं, ही तिथली रीत. अशाच एका बैठकीत एल्डनचा खेळगडी मर्व्ह माझ्यात डोकावला. एल्डन केव्हाचा बसून होता, तरी आकडा एकशेवीसच्या खाली येईना. नेमकी तेव्हाच क्लबचं स्वयंपाकघर सांभाळणारी व्हर्ना सूप घेऊन आली.

"अरे बघा, बघा! व्हर्ना आली आणि म्हातारं घोडं उधळलं!"

"गप रे मेल्या," एल्डन म्हणाला. पण लाजला.

मग दर बैठकीला तेच. नाडी व्हर्ना यायच्या आधीच चढलेली असे. पण मी फक्त आकडा दाखवतो, कारण माणसं आपल्या सोयीनं लावतात. मंडळींची फुकटात करमणूक होत होती. आणि बायको गेल्यापासून एल्डनकडे इतकं लक्ष कुणी दिलंच नव्हतं. त्यालाही ते प्रेमच वाटू लागलं.

एके दिवशी नवा सदरा घालून तो स्वयंपाकघरात गेला. "व्हर्ना, रविवारी जेवायला येतेस माझ्याकडे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्या राखाडी ओठांकडे. "एल्डन, हे माझ्यामुळे नाही रे. तू आधी दवाखाना गाठ."

दाराशी मर्व्ह उभाच होता. "ऐकलंत का? नवरदेवाला डॉक्टरकडे धाडलं!"

हशा उसळला. त्यानंतर दवाखान्याचं नुसतं नाव निघालं तरी एल्डनच्या कानात तो हशा वाजे. तो गेला नाही. घरी येऊन त्यानं मला उतरवलं आणि मोज्यांच्या खणात टाकलं.

खण उघडला तो ग्रेटानं, काळ्या कपड्यांत. बाहेरच्या खोलीत मर्व्ह सांगत होता, "शेवटपर्यंत व्हर्नासाठीच धडधडला बघा बिचारा." लोक डोळे पुसत होते.

मित्रांनो, मला जपू नका. पट्टे पुष्कळ मिळतात. पण स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी उतरत नसेल, तर आधी गाडी काढा आणि त्याला दवाखान्यात न्या. थट्टा काय, परतीच्या वाटेवरही करता येते.