पाहुण्यांचा बिल्ला

युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्रात मी आपटले, तेव्हा सल्लागार बाईंनी सोपा उपाय सांगितला. "इथली पुढच्या सत्राची यादी भरलीय. शहरातल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात तोच विषय घे, पास हो, क्रेडिट इकडे आण. तुझं नाव इथल्याच पटावर राहील. कितीतरी मुलं असं करतात." करत असतील. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण माझ्याशी कुणी फारसं बोलतच नसे.

मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी मी दोन बस बदलून तिकडे जाऊ लागले. पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, "इथून पुढे युनिव्हर्सिटीत कुणाकुणाला जायचंय?" साऱ्या वर्गाचे हात वर. जिथं जायचं स्वप्न हे सगळे पाहत होते, तिथूनच मी नापास होऊन आले होते. कुठल्या तोंडानं सांगणार? मीही हात वर केला आणि तिथंच फसले.

शेजारी दोन्या ओतिलिया बसायच्या. पन्नाशीच्या, इस्पितळाच्या धुलाईखान्यात सकाळची पाळी करून येणाऱ्या. वयाचा मान म्हणून सगळेच त्यांना दोन्या, म्हणजे स्पॅनिशमध्ये 'बाई', म्हणत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी फॉइलमध्ये गुंडाळलेला बरिटो, राजमा-भात भरलेली पोळीची गुंडाळी, माझ्यापुढे सरकवला.

"खा. उपाशीपोटी सरासरी काढलीस तर शून्यच येईल."

"मग तुम्हाला?"

"मी दोन आणते, पोरी. एक माझा, एक शेजारी बसेल त्याचा. म्हणून तर माझे शेजारी टिकतात."

तीन वर्षांत युनिव्हर्सिटीत माझ्यापुढे कुणी काही सरकवलं नव्हतं. माझ्या खोलीत राहणारी मुलगी कायम कानात इअरफोन घालून असायची. मी कुठं जाते हे तिनं कधी विचारलं नाही. आठवड्यातून हे दोनच दिवस मी कुणाशी तरी बोलायचे. म्हणून दोन्यांना खरं सांगणं टाळत गेले. सांगितलं तर त्यांच्या शेजारची खुर्चीही जाईल, अशी भीती होती.

एप्रिलमध्ये कॉलेजनं सगळ्यांना युनिव्हर्सिटी दाखवायला बस काढली.

"तू माझ्याबरोबर यायचंस," दोन्यांनी हुकूम सोडला. "एकटीनं तिथं जायला मला धीर व्हायचा नाही."

मला नाही म्हणवेना.

उतरताच प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला चिकटवला: वर 'पाहुणे', खाली नाव. ग्रंथालय झालं, माझंच वसतिगृह झालं. प्रत्येक वळणावर वाटे, आता कुणीतरी हाक मारणार, "यादिरा, तू या लोकांत कशी?" मी मान खाली घालून चालत राहिले.

आमच्यापुढे उलट्या पावलांनी चालत एक मुलगा माहिती देत होता. मान वर करून पाहिलं. डेक्लन. गेल्या वर्षी अख्खं सत्र प्रयोगशाळेत आम्ही एका टेबलावर होतो. माझ्याच वहीतून त्यानं आकडे उतरवले होते. जेवणघरापाशी तो थांबला आणि माझ्या बिल्ल्याकडे वाकला.

"छान नाव आहे. पहिल्यांदाच आलीस ना इथं?"

मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्याला काहीच आठवलं नाही.

"हो," मी म्हणाले.

परतताना दोन्या खुशीत होत्या. "पुढच्या वर्षी आपण दोघी इथं. निदान ओळखीचं एक माणूस असेल मला."

आता राहवेना. "दोन्या, मी इथंच शिकते. तीन वर्षं झाली." मग नापास झाल्यापासून सगळंच सांगून टाकलं. त्या रागावतील म्हणून खिडकीबाहेर बघत बसले.

"तीन वर्षं?" त्या म्हणाल्या. "मग आज एकानंही हाक कशी मारली नाही तुला?"

सकाळपासून ज्या हाकेला भीत होते, तिचीच मी वाट पाहत होते, हे तेव्हा कळलं.

बस कॉलेजला पोचली. मला आता पुन्हा दोन बस बदलून युनिव्हर्सिटीलाच जायचं होतं. दोन्या थांब्यावर माझ्याबरोबर उभ्या राहिल्या. बस आली, मी चढले.

"यादिरा," त्यांनी खालून हाक मारली. एरवी त्या पोरी म्हणायच्या.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मंगळवारी दोन आणतेय. वेळेवर ये."