पाटीच्या कोपऱ्यातलं नाव

देवाजी सेठने चाकूने माझ्या अब्बांचं नाव खरवडलं, तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

मूल गावातल्या त्याच्या राईस मिलची पाटी अब्बांनी महिनाभर खपून रंगवली होती. प्रत्येक अक्षराला धानाची लोंबी वेटाळलेली, वेलांटीच्या टोकाला पोपट. गोंडपिपरीकडून धान घेऊन आलेले लोक गाडी थांबवून बघायचे. खाली कोपऱ्यात बोटाएवढं 'जाफर पेंटर'. सेठ मात्र पाहुण्यांना सांगायचा, नागपूरच्या मोठ्या आर्टिस्टने केली. अब्बांनी हटकलं, तर चारचौघांत म्हणाला, "मजुराचं नाव कायले पाह्यजे पाटीवर?" आणि चाकू काढला. त्या दिवसापासून अब्बांनी ब्रश हातात धरला नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच.

खरवडलेल्या कोपऱ्यातूनच पाटी गंजत गेली. तोवर अब्बांकडूनच शिकलेला मी पाट्या रंगवू लागलो होतो; दोन हजार एक साली सेठने मलाच बोलावलं. "नवी पाटी बापासारखीच काढ, बिलाल. नाव नको टाकू."

"बरं सेठ," मी म्हणालो.

नव्या पत्र्यावर मी आधी ऑइलपेंटने हातभर अक्षरांत 'जाफर पेंटर, मूल' काढलं. लोंब्या, पोपट, सगळा थाट. ते खडखडीत वाळल्यावर डिंकात कालवलेल्या पाण्याच्या रंगाने पत्रा झाकला, आणि वर त्याच कच्च्या रंगाने सेठच्या मिलचं नाव. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटी पोचवली. सेठ खूश.

दसऱ्याला मिलमध्ये यंत्रं, काटा, पाटी धुऊन पूजतात. पाटी नवी असली तरी तिला पाणी लागतंच, तेही मालकाच्या हातून. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मी अब्बांना लुनावर बसवून तिथे आणलं.

सेठने तांब्या ओतला, फडकं फिरवलं. मिलचं नाव ओघळू लागलं.

"रंग काऊन सुटून राह्यला बे?" घाबरून तो ओघळ पुसू लागला, तर खालून 'जा' उघडा पडला. पुसावं तितकं अब्बांचं नाव चकाकत वर आलं. हमाल, गिऱ्हाइकं, व्यापारी मोठ्याने वाचू लागले.

"घासा सेठ, अजून घासा," मी म्हणालो. इतकं गार मला कधीच वाटलं नव्हतं.

अब्बा पुढे झाले. चष्मा वर करून त्यांनी पाटीला नाक लावलं.

"'फ'चं पोट फुगलं बे," ते म्हणाले. "हेच शिकवलं का मी तुले? ब्रश आण."